दोन फोटो

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत अंबरनाथ येथे केलेले भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला थोडा भाग वार्तापत्रासाठी पुन्हा घातला आहे.)



मला निरोप असा होता, ताई, अमेरिकेला जाऊन आलात, वीस मिनिटे बोला आणि फोटो दाखवा. पडदा आणि प्रोजेक्टर तरुण संघाच्या मुलांनी सकाळपासून मांडून ठेवला आहे. त्यांची माफी मागते. आज मी फोटो दाखवणार नाही. का दाखवणार नाही, तेच सांगायला उभी आहे.

यंदा मार्चमध्ये मी तीन आठवडे पेनसिल्व्हेनिया राज्यात होते. आपल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी जी मंडळी बरीच वर्षे पैसे पाठवते, तिने बोलावले होते. विमान, थंडी आणि जेवण यांवर बोलत नाही. थंडी होती आणि जेवणात मीठ-मिरची नव्हती, एवढे पुरे. माणसे प्रेमळ. एका घरी ऐंशी वर्षांच्या आजोबांनी माझ्या खोलीतले हीटर नीट चालते का ते पाहायला रात्री दोनदा दार वाजवले.

काम असे होते. दर दोन-तीन दिवसांनी वेगळ्या मंडळीत जायचे, उपासनेनंतर चर्चच्या तळघरातल्या सभागृहात सगळे जेवायला बसले की आपल्या कामाची माहिती सांगायची. मी नकाशा दाखवायचे. इथे मुंबई, इथे उल्हासनगर, इथे बदलापूर, पुढे बारवी धरण. बारवीचे पाणी आपल्या कारखान्यांना आणि घरांना जाते आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये बाया हंडा घेऊन चालतात, हे सांगायचे. कातकरी म्हणजे कोण ते सांगायचे. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी, आता खैरही नाही आणि कातही नाही. महाराष्ट्रात कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीनच जमाती सरकारने सर्वांत असुरक्षित म्हणून वेगळ्या नोंदवल्या आहेत. दिवाळीनंतर बयाणा घेऊन घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतात, पावसाच्या तोंडाशी परततात, आणि पोरांची शाळा तिथेच बुडते. हे सगळे तुम्हाला पाठ आहे. त्यांना नवीन होते.

आणि शेवटी दोन फोटो.

ते तुम्हीही पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी आपल्या याच वार्तापत्रात मी छापले होते. डावीकडे वाडीवरची एक मुलगी, केस पिंजारलेले, फ्रॉक खांद्यावरून फाटलेला, नाकाखाली शेंबूड. उजवीकडे तीच मुलगी दीड वर्षानंतर, आपल्या वसतिगृहाच्या दारात, निळा गणवेश, कापलेले केस, हातात पाटी. खाली मी लिहिले होते, "प्रभूने काय केले पाहा."

हे दोन फोटो पडद्यावर आले की लोक डोळे पुसायचे आणि मग अर्पणाची थैली फिरायची. मला ते ठाऊक होते. म्हणूनच ते शेवटी ठेवले होते.

सहाव्या की सातव्या ठिकाणी कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क बाई माझ्यापाशी आल्या. त्या त्याच मंडळीच्या सभासद, रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या. म्हणाल्या, "तुमचे काम चांगले आहे. एक विचारू का? त्या मुलीच्या आईला हे फोटो दाखवलेत?"

मी म्हटले, नाही.

त्या म्हणाल्या, "माझ्या आजीचेही असेच दोन फोटो होते. आजी ओनायडा होती. कार्लाईलच्या शाळेत होती. इथून सव्वा तास लागतो. उद्या मोकळ्या असलात तर मी नेते."

कार्लाईल हे नाव मी तोवर ऐकलेही नव्हते. आपल्या अभ्यासक्रमात मिशनचा इतिहास होता. त्यात केरी होते, डफ होते, जॉन विल्सन होते. कार्लाईल नव्हते.

आपण शाळेत ज्यांना रेड इंडियन म्हणत आलो, ते अमेरिकेचे आदिवासी. ते स्वतः आपल्या राष्ट्राचे नाव सांगतात. लकोटा, नवाहो, ओनायडा, ओमाहा. त्यांच्या जमिनी घेऊन झाल्यावर त्यांच्या मुलांचे काय करायचे, असा प्रश्न सरकारपुढे आला. रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये कार्लाईल गावातल्या जुन्या लष्करी छावणीत त्यांच्यासाठी निवासी शाळा काढली. सरकारी शाळा होती, पण पाठीशी चर्च होते, रविवारची उपासना होती, देणग्या देणाऱ्या भल्या बाया होत्या. १९१८ मध्ये ती बंद पडली, तोवर सात हजारांहून जास्त मुले तिथे येऊन गेली. त्या नमुन्यावर देशभर शेकडो शाळा निघाल्या. त्यांतल्या कितीतरी सरकारी पैशांवर चर्चनेच चालवल्या, कॅथलिकांनी आणि आपल्या प्रॉटेस्टंट पंथांनीही.

प्रॅट दुष्ट माणूस नव्हता, हे आधी सांगते. त्या काळात पुष्कळ गोरे म्हणत होते की हे लोक सुधारणारच नाहीत, संपून जाऊ द्या. प्रॅट म्हणत होता, नाही, ही मुले आमच्या मुलांइतकीच हुशार आहेत. फक्त त्यांच्यातले आदिवासीपण मारले पाहिजे म्हणजे माणूस वाचेल. हे सूत्र त्याने १८९२ मध्ये भर सभेत मांडले, आणि त्याला ते प्रेमच वाटत होते.

ऑक्टोबर १८७९ मध्ये लकोटा मुलांची पहिली तुकडी मध्यरात्री आगगाडीने तिथे उतरली. त्यांतल्या एका मुलाचे नाव होते ओटा क्टे. काही दिवसांनी शिक्षकांनी फळ्यावर अनोळखी खुणा काढल्या, मुलाच्या हातात छडी दिली आणि त्यांतल्या एकीवर टेकवायला सांगितली. त्याने टेकवली. ते होते नाव. ज्यावर छडी पडली ते लूथर. पुढे तो लूथर स्टँडिंग बेअर म्हणून लेखक झाला आणि ही हकिकत त्याने स्वतः लिहून ठेवली. आपल्या मंडळ्यांत लूथर नावाचे किती बंधू आहेत! आपण ते नाव अभिमानाने ठेवतो. त्या मुलाला ते वाचताही येत नव्हते.

नंतर केस कापले. लकोटा लोकांत केस कापतात ते घरात कोणी मेले की. एवढ्या मुलांचे केस एकदम कापल्यावर त्यांनी काय समजावे?

आणि फोटो. जॉन चोट नावाचा गावातला फोटोग्राफर मुले आली की त्यांचे फोटो काढायचा आणि काही वर्षांनी पुन्हा काढायचा. असे जोडफोटो देणगीदारांना आणि पुढाऱ्यांना दाखवले जात. सर्वांत प्रसिद्ध जोड टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाची आहे. १८८२ चा फोटो, लांब केस, कानांत कुंडले, गळ्यात माळा. १८८५ चा फोटो, आखूड केस, कोट, टाय. दुसऱ्या फोटोत चेहरासुद्धा उजळ दिसतो. टॉर्लिनो पुढे आपल्या लोकांत परत गेला. त्याचा तिसरा फोटो त्या जोडीला कोणी लावत नाही.

बाईंनी ही जोड मला मोबाईलवर दाखवली, गाडीतच. डावीकडे एक, उजवीकडे एक. मी माझ्या लॅपटॉपची बॅग मांडीवरून उचलून पायाशी ठेवली.

आज ती जागा लष्कराच्या ताब्यात आहे. परदेशी पासपोर्टवर आत जायला परवानगी लागते, तिची सोय यजमानांनी रात्रीच फोन करून केली होती. रस्त्याच्या बाजूला लहानसे कबरस्तान आहे. पांढरे दगड, एकासारखे एक, शिपायांच्या कबरींना असतात तसे ओळीत. जवळजवळ दोनशे. क्षयाने आणि साथीच्या रोगांनी गेलेली मुले. फार आजारी झालेल्यांना मरायला घरी पाठवून देत, ती यांत मोजलेली नाहीत. १९२७ मध्ये मूळ कबरस्तान हलवून इथे आणले, त्यात कोण कुठे याचा घोळ झाला. काही दगडांवर नुसते "अज्ञात" लिहिलेले आहे. दगडांपाशी लोकांनी ठेवलेली खेळणी होती, शिंपले होते, चॉकलेटे होती. एकावर लहान मुलांचा मोजा होता. नेमके काय वाटले ते मला सांगता येत नाही. मी प्रार्थना करायला डोळे मिटले आणि शब्द आले नाहीत.

२०१७ पासून काही जमातींनी आपली मुले उकरून घरी न्यायला सुरुवात केली आहे. २०२१ मध्ये रोझबडच्या लकोटांनी नऊ मुले नेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी या शाळांबद्दल माफी मागितली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कार्लाईल राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाले. बाई म्हणाल्या, "माफी बरी आहे. आजीला तिची भाषा येत होती, पण तिने आईला शिकवली नाही. आईला मार बसू नये म्हणून."

उल्हासनगरची माणसे इथे बसली आहेत. १९४७ नंतर कल्याण कॅम्पच्या बराकीत ज्यांचे आईवडील उतरले, ती सिंधी कुटुंबे आपल्या कामाला धान्य देतात. त्यांच्यातल्या एक आंटी मला नेहमी सांगतात, माझी नातवंडे सिंधी समजतात पण बोलत नाहीत. आंटींना कोणी मारले नव्हते. तरी सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

त्या रात्री मी दानीएलाचा पहिला अध्याय काढला. रविवारच्या शाळेत आपण तो किती वेळा शिकवतो! चार मुले राजाचे मांस आणि द्राक्षारस नाकारतात, शाकभाजी खातात आणि तेजस्वी दिसतात. मीही तसाच शिकवत आले. कागदी भाज्या कापून फळ्यावर चिकटवते. पण तिसऱ्या वचनापासून सातव्यापर्यंत काय आहे? जिंकलेल्या लोकांची चांगली, हुशार मुले निवडली. राजाच्या वाड्यात ठेवली. खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकवायला सुरुवात केली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. जेवण राजाकडून. आणि प्रमुखाने त्यांची नावे बदलली. दानीएलाचा बेल्टशस्सर झाला, हनन्याचा शद्रख, मीशाएलाचा मेशख, अजऱ्याचा अबेदनगो. ते वसतिगृहच होते. बाबेलने चालवलेले. आणि आपण ही गोष्ट सांगताना नेहमी स्वतःला दानीएलाच्या बाजूला धरतो. मला त्या रात्री पहिल्यांदा वाटले, बाई गं, तू यात दानीएल नाहीस. तू तो खोजांचा प्रमुख आहेस. मुलांशी तो प्रेमाने वागत होता, असेही तिथेच लिहिले आहे.

आपले वसतिगृह म्हणजे कार्लाईल नव्हे. आमच्याकडे आईबाप स्वतः येतात, हात जोडून सांगतात, घ्या हो हिला, भट्टीवर नेली तर विटा उचलत राहील. चौदाव्या वर्षी लग्न टळलेल्या मुली आमच्याकडे आहेत. एक मुलगा आयटीआय करून अंबरनाथच्या कारखान्यात लागला आहे, आज तो मागे उभा आहे. हे सगळे खरे आहे. पण हे म्हणून माझी सुटका होत नाही. कारण आल्या दिवशी आम्ही मुलींचे केस कापतो, उवा होतात म्हणून. त्या मुलीच्या आजीने ठेवलेले नाव एक, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेले दुसरे, आणि देणगीदारांच्या पत्रात मी लिहिलेले तिसरे, त्यांना उच्चारायला सोपे जावे म्हणून. वाढदिवस १ जून. आमच्या चाळीसेक मुलांपैकी निम्म्यांचा वाढदिवस १ जूनच आहे, दाखला करताना गुरुजींनी घातलेला, आणि आम्ही त्या दिवशी एकच मोठा केक कापतो. आणि आमचा एक नियम होता, जो कोणी कातकरी बोलेल त्याने संध्याकाळी व्हरांडा झाडायचा. तो नियम मी केला होता. मराठी सुधारावी म्हणून. मुले हसत हसत झाडायची, म्हणून मला त्यात काही वाटले नव्हते.

दौऱ्याचे शेवटचे दिवस फिलाडेल्फियात होते. तिथे मला एक फोटो पाहायचाच होता, त्याची परवानगी आधीपासून मागून ठेवली होती. आपण सगळे कल्याणला गाडी बदलतो. त्या कल्याणची मुलगी, आनंदीबाई जोशी, १८६५ सालचा जन्म. ११ मार्च १८८६ रोजी तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. त्या महाविद्यालयाचे कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. फोटो ऑक्टोबर १८८५ चा आहे. तीन विद्यार्थिनी, जपानची केई ओकामी, सीरियाची साबात इस्लांबूली आणि आपली आनंदी. तिघीही आपापल्या पोशाखात. आनंदी लुगड्यात. याला डावी-उजवी बाजू नाही. डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावरचा फोटो आणि अंगावर घरून आणलेलेच कापड.

ती तिथे पोचली कशी, हे आपल्या वार्तापत्राने ऐकण्यासारखे आहे. गोपाळरावांनी कोल्हापूरला असताना मदतीसाठी वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. वाइल्डर स्वतः कोल्हापुरात राहून गेलेले. त्यांनी ते पत्र आपल्या मिशनच्या मासिकात छापले, आणि सोबत लिहिले की हे कुटुंब ख्रिस्ती होईल तर बरे. ते मासिक न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असताना वाचले. त्यांनी पत्र लिहिले, पुढे मुलीला घरात ठेवून घेतले, आणि अट घातली नाही. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, केरीसाहेबांच्या कॉलेजात भाषण करून सांगितले होते, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तशीच आली. मांस न खाता आली. ख्रिस्ती म्हणून मला यात वाईट वाटायला हवे का, असे एकाने मला तिथे विचारलेही. मी म्हटले, शाकभाजी खाऊन तेजस्वी राहिलेल्यांची गोष्ट आमच्याच शास्त्रात आहे. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती गेली, एकविसाव्या वर्षी. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंच्या घराण्याच्या कबरस्तानात ठेवल्या आहेत.

तिच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई तर आपल्या. बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ मध्ये. पण तिथल्या सिस्टरांनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे पाहून त्यांनी सरळ कळवले की मला लॅटिन कळत नाही आणि माझ्या लोकांनाही नाही, लिहायचे तर संस्कृतात लिहा. अमेरिकेत त्यांनी पैसे जमवले, बोस्टनला १८८७ मध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळ उभे राहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले ते असे की विधवा मुलींनी आपल्या चालीरीती पाळाव्यात, धर्माची सक्ती नाही. त्याच वर्षी अमेरिकेवर त्यांचे मराठी पुस्तक निघाले. त्यात त्या देशाचे कौतुक भरपूर आहे, पण तिथल्या मूळ रहिवाशांशी गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाबद्दलही त्यांनी लिहिले आहे. पैसे मागायला गेलेली बाई, आणि तरी डोळे उघडे. माझा दौरा त्यांच्यानंतर एवढ्या वर्षांनी, आणि मला कार्लाईलचे नाव माहीत नव्हते.

त्याच १८८६ साली, आनंदीबाई गेल्या आणि त्याच महाविद्यालयात सुझन ला फ्लेश नावाची ओमाहा जमातीची मुलगी दाखल झाली. लहानपणी तिने एका आदिवासी बाईला मरताना पाहिले होते, गोऱ्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा बोलावूनही तो आला नाही म्हणून. १८८९ मध्ये वर्गात पहिली येऊन ती डॉक्टर झाली, अमेरिकेच्या आदिवासींतली पहिली. तिचा खर्च केला तो ख्रिस्ती बायांच्या संघटनेने. ती आपल्या लोकांत परतली, त्यांच्याच भाषेत त्यांची दुखणी ऐकली, प्रेस्बिटेरियन मिशनचे कामही केले, आणि १९१३ मध्ये मिशनच्या मदतीने नेब्रास्कात रुग्णालय उभे केले. तेव्हा मिशनच्या पैशाने वाईटच होते, असे मी म्हणत नाही. तीच थैली, तोच काळ, तेच राज्य. मुलगी परत आपल्या माणसांत जाऊन त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकली की नाही, एवढेच मी आता पाहते.

निघण्याच्या आदल्या दिवशी यजमान मंडळीच्या समितीची बैठक होती. आपल्या वसतिगृहावर दुसरा मजला चढवायला ते तयार होते. साठ मुलांची सोय, संपूर्ण खर्च. मी तिकडे गेले होते तेच मागायला. आणि तिथे मी वेगळे मागितले. म्हटले, दोन वाड्यांवर सहा महिने सोय करू या. आईबाप भट्टीवर गेले तरी म्हातारी माणसे मागे राहतात. मुले आजीपाशी वाडीवरच झोपतील. दोन वेळचे धान्य, अभ्यासाला सौर दिवे, आणि वाडीतल्याच दोन-दोन बायांना मानधन. आपल्या राज्यात सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना याच विचाराची आहे. मूल गावातच ठेवायचे. आणि जी मुले भट्टीवर जातीलच, त्यांच्यासाठी तिथेच भोंगाशाळा. हे मला काही अमेरिकेत सुचले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच केले होते. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, तेव्हाच्या. मी डिप्लोमाच्या वेळी ते पुस्तकात वाचले होते आणि परीक्षेत लिहूनही आले होते.

समितीतले एक गृहस्थ भाबडेपणाने म्हणाले, "पण मग देणगीची पाटी कुठे लावायची?" सगळे हसले, तेही हसले. पण प्रश्न खरा होता. त्यांनी एका हंगामाचे पैसे मंजूर केले. दुसऱ्या मजल्याचा विषय पुढे ढकलला.

इथे आल्यावर आपले कोषाध्यक्ष माझ्यावर रागावले. म्हणाले, ताई, हातातले घालवून आलात. मुलींच्या खोलीचा स्लॅब गळतो, जुलैत बादल्या लावाव्या लागतात, तो काय दिव्यांनी थांबणार आहे? त्यांचे चूक नाही. या जुलैतही बादल्या होत्याच. स्लॅबसाठी वेगळे आवाहन या अंकात शेवटच्या पानावर आहे, ते वाचा.

एप्रिलच्या मध्यावर मी त्या मुलीच्या आईला शोधत भट्टीवर गेले. ऊन चढलेले. ती चिखल तुडवून थापायला बसली होती. मी वार्तापत्राचा तो जुना अंक काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने हात लुगड्याला पुसले, पण कागद हातात घेतला नाही, मळेल म्हणून. डावीकडचा फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "बाय, त्या दिवशी मी हिची वेणी नव्हती घातली. ताप होता तिला. आधी सांगितलं असतंस तर वेणी घालून दिली असती."

मी खाली बसले. त्या मुलीला त्या दिवशी ताप होता. मला ते ठाऊकच नव्हते. तापाच्या मुलीचा मी फोटो काढला आणि तो सहा वर्षे दाखवत फिरले.

तिने विचारले, "हा लोकांना दिला का?" मी म्हटले, दिला. ती म्हणाली, "मग दुसरा काढ." आणि पुन्हा थापायला लागली.

जूनमध्ये ती परत आल्यावर तिच्या अंगणात काढला. ती, तिची सासू आणि मुलगी. मुलगी आता नववीत आहे. वेणी आईने घातली, मी वीस मिनिटे थांबले. तो फोटो त्यांच्या घरात आहे. मी मुलीला विचारले, वार्तापत्रात छापू का? ती म्हणाली, नको. म्हणून तो आज या पडद्यावर नाही.

हन्नाने शमुवेलाला मंदिरात ठेवले, हे आपण वसतिगृहात मूल घेताना आईबापांना नेहमी वाचून दाखवतो. त्यापुढचे वचन मी जूनपासून वाचू लागले आहे. ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून आणायची. म्हणजे दरवर्षी तिला त्याचे माप ठाऊक होते. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आया येतात, मुलींचे केस विंचरून देतात. उवा आहेतच. औषध लावतो, कात्री लावत नाही. व्हरांडा पाळीप्रमाणे झाडला जातो. संध्याकाळच्या प्रार्थनेत ज्याला जी भाषा येते तीत बोलायला सांगितले, तर पहिले दोन आठवडे कातकरीत कोणी बोललेच नाही. तिसऱ्या आठवड्यात सर्वांत लहान मुलगा बोलला. त्याने भाकरीसाठी आणि कुत्र्यासाठी प्रार्थना केली, असे मोठ्या मुलींनी मला समजावून सांगितले.

एका वाडीवर अडचण आली आहे, तीही सांगते. तिथल्या बाप्यांनी म्हटले, मुले इथेच राहिली तर म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार, मुले की म्हातारी? आणि बयाणा घेताना मालक पोरांसकट माणसे मोजतो. पोरे नसली तर उचल कमी देतो. याचे उत्तर माझ्याकडे नाही. समितीत आपण दोनदा बसलो, ठरलेले नाही. त्या वाडीवर यंदा बहुधा भोंगाशाळाच करावी लागेल. दुसऱ्या वाडीवरच्या चार बाया आज इथे आहेत, त्यांनी होकार दिला आहे.

लक्ष्मीपूजनानंतर आठ दिवसांत माणसे निघतील. त्याआधी त्या वाडीवर दिवे बसवायचे आहेत, धान्य भरायचे आहे आणि मुलांची यादी करायची आहे, घरच्या नावांसकट. येणाऱ्या दोन्ही शनिवारी सकाळी सात वाजता बदलापूर स्टेशनच्या पूर्वेकडून जीप निघेल. दहा जणांची जागा आहे. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे, नाव आणि फोन लिहा. डबा आपापला आणा. पाणी जास्त आणा, तिथली बोअर ऑक्टोबरातच आटली आहे.